दिनानाथच्या रेडिओचं मागचं झाकण

दांडी गावच्या दिनानाथला समुद्र लागायचा. होडी हाकणाऱ्या तांडेलाचा पोर, आणि होडी खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत ओकाऱ्या! शेवटी बापानं हात जोडले आणि सातवी पास पोराला पालघरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बसवलं. दर्यानं नाकारलं हे दर्याचे उपकारच म्हणायचे. पुढं चाळीस वर्षं किनाऱ्यावरच्या घराघरातला मुका रेडिओ बोलता केला तो दिनानाथनं.

त्याची एक रीत होती. रेडिओ दुरुस्त होऊन जागेवर बसला की मागच्या पुठ्ठ्याच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, काय बदललं, आणि पहिला आवाज कुठला आला. टेबलावरच्या चाचणीचा आवाज धरायचा नाही, घरी लावल्यावरचाच खरा. घरच्या जुन्या वॉल्वच्या रेडिओवर तर अशा तेवीस ओळी होत्या. एक होती, ‘पहिला आवाज: हवामान. वादळ येतंय.’ त्या दिवशी तो चपला न घालताच बंदरावर धावला होता, आणि दांडीच्या अकरा होड्या किनाऱ्यालाच राहिल्या.

असा कानांचा माणूस पंचाहत्तरीत बहिरा झाला. नात भाविका बोईसरच्या कारखान्यातून घरी आली की दिवसभराचं सांगायची, आणि हा ओठांकडे बघत भलत्याच ठिकाणी हसायचा. ते भाविकाला कळायचं. तिला कळतं, हे त्यालाही कळायचं. डॉक्टर म्हणाले, मशीन लावलं तर ऐकू येईल. मशीनची किंमत ऐकून भाविका आणि तिची आज्जी बोटांवर हिशेब करत बसल्या, तेव्हा तोडगा दिनानाथनंच काढला.

“घरात बोलणारे दोन हायत, ऐकणारा एक नाय. रेडिओ विका नि कान आणा!”

भाविकानं मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या लिलावात रेडिओचं नाव घातलं. फोटो रविवारी काढायचे ठरले. शनिवारी ती कामावर, आणि दिनानाथच्या मनात आलं, एवढी वर्षं साथ दिली, तर जाताना नटूनथटून जाऊ दे. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, होड्या रंगत होत्या. रंगवल्याशिवाय दर्यात कोण उतरतो? भाच्याच्या होडीचा उरलेला निळा रंग आणून त्यानं रेडिओची एक बाजू झकास रंगवली. बुरशी धरलेलं मागचं झाकण उकिरड्यावर टाकलं आणि नवी प्लायवूडची फळी कापून बसवली.

भाविका दारातच किंचाळली. त्याला ऐकू आलं नाही, हे बरं झालं.

मग तिनं त्याच्या जरा तरी ऐकू येणाऱ्या उजव्या कानाशी तोंड नेलं. “आजोबा! लोक जुनेपणाचे पैसे देतात! मूळ पॉलिश, मूळ कापड, न फुटलेली काच, चारी बटणं जोडीची. रंगवला की अर्धी किंमत गेली!”

कुंपणापलीकडून शेजारीण दमयंती म्हणाली, “काय गो, एवढी वरडतेस, आख्ख्या दांडीचा लिलाव हाय काय?”

“मंग घासून काढतो,” दिनानाथ म्हणाला.

“आता हात लावू नका!”

पडेल चेहऱ्यानं तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, “लिही, एक बाजू मालकानं रंगवलीय. ओहोटीला खडक दिसतातच, आमी कशाला लपवू?”

भाविकानं तसंच लिहिलं, निळ्या बाजूचाही फोटो टाकला. चार दिवसांत बोली मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर येऊन अडकली. पाचव्या दिवशी कोल्हापूरच्या एका संग्राहकाचा प्रश्न आला: मूळ मागचं झाकण आहे का? आतली बाजू दाखवा.

दोघं उकिरडा उकरायला धावले. झाकण नव्हतं.

सुलूबाई, म्हणजे दिनानाथची बायको, चुलीजवळून बघत होती. “अवो, काय शोधता? तो पुठ्ठा? सुकटीच्या डब्यावर घातलाय मी. एवढा चांगला पुठ्ठा कोण टाकतो?”

भाविकानं आज्जीचा मुकाच घेतला. तेवीस ओळींचा फोटो गेला. “वासाचंबी लिही,” दिनानाथनं बजावलं. उलट टपाली उत्तर यावं तसं लगेच आलं: ‘वास चालेल. कुठला वॉल्व कधी बदलला हे लिहून ठेवणारा माणूस पहिल्यांदा भेटला. यातलं सगळं खरं, असं धरून चालतो.’ ते झाकण आणखी एकाच्या नजरेत भरलं. शेवटच्या दहा मिनिटांत कोल्हापूरकर आणि तो असे भिडले की बोली मशीनच्या किमतीवरून पुढं गेली. रेडिओ कोल्हापूरला निघाला. दिनानाथनं खोक्यावर डोकं टेकलं, होडीवर टेकतात तसं.

पुढच्याच आठवड्यात पालघरला मशीन बसलं. डॉक्टरांनी विचारलं, “येतंय ऐकू?” दिनानाथनं नुसती मान डोलावली. चाचणीचा आवाज धरायचा नसतो. वाटभर भाविकालाही त्यानं बोलू दिलं नाही.

घरी पोचून उंबऱ्यात पाय ठेवतो तोच आतून आलं, “पायांची वाळू झाडा आधी! हज्जारदा सांगितलं, पन या घरात माझं ऐकतो कोन?”

दिनानाथ तिथंच खाली बसला. डोळे भरून आले होते.

“मी ऐकतो, सुलू,” तो म्हणाला. “परत बोल.”

मग त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि मशीनच्या डबीच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, तारीख घालून लिहिलं: ‘कान बदलले. पहिला आवाज: सुलू, वाळूवरून.’