तोंडाला बांधलेलं मुसकं

ती घटना आजही आठवली की माझा हात आधी हनुवटीकडे जातो.

कोरोनाची दुसरी लाट होती. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं बीड जिल्ह्यात परतत होती. गावात शिरण्याआधी त्यांनी काही दिवस शेतातच राहावं, असं गावोगाव ठरलं होतं; ताप आलेल्याला मात्र शाळेतल्या विलगीकरणात हलवत. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकली की चौकात नाकाबंदी आणि विनामास्क माणसांच्या पावत्या. "मास्क लावा, नाहीतर मराल," हे एकच वाक्य मी दिवसभर ओरडायचो. लोकही पक्के. पोलीस दिसला की रुमाल नाकावर, वळण ओलांडलं की गळ्यात. अर्थात मी तरी कोणता शहाणा? माझा मास्क निम्मा वेळ हनुवटीवरच असायचा. बोलताना अडचण होते, ही माझी सबब.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. "सायेब, चकलांब्याच्या पुढं वढ्याकडंच्या रानात एक कोपी हाय. सासूनं सुनेच्या तोंडाला बैलाचं मुसकं बांधून ठिवलंय. तान्ही लेक हाय तिला. लई हाल चाललेत."

सासुरवासाची प्रकरणं मी पुष्कळ हाताळली होती, पण हे ऐकून डोकं फिरलं. आम्ही गुन्हेगारांच्या मुसक्या आवळल्या, असं पेपरात छापून येतं. इथे तर बाळंतिणीला खरोखरचं मुसकं. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि एक महिला हवालदार व चालक घेऊन निघालो.

खबर खरी निघाली. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, विशीतली एक बाई लेकराला पाजत बसली होती. नाकातोंडावर लुगड्याच्या चार घड्या, त्यावर दोरीचं जाळीदार मुसकं आणि डोक्यामागे करकचून मारलेली गाठ. मुसकं बैलाचं नव्हतं, वासराच्या मापाचं होतं. सासू लांब बाभळीखाली बसली होती.

"हे कुणी बांधलं?" मी तिला विचारलं.

"म्या. मला न्या. तिला न लेकराला हितंच ऱ्हाऊ द्या."

इतक्या चटकन कबूल होणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो, हा माझा अनुभव. तरी जबाब लिहून घेतला. अंगठा घेताना हवालदारबाईंनी मला खूण केली. म्हातारीची बोटं संधिवाताने पार वाकडी झाली होती. अंगठा टेकवायलाही तिचा हात धरावा लागत होता.

मी खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. "आजी, याला गाठ मारून दाखवा."

तिने दोनदा प्रयत्न केला. मग रुमाल मांडीवर पडला आणि ती रडायला लागली.

तेवढ्यात कोपीतून सुनेचा आवाज आला. "सायेब, आत्याबाईला सोडा. माझं मीच बांधलंय. चार दिसापून ताप हाय मला. सांगितलं तर तुमी मला शाळंत नेऊन ठिवताल. मग हिला कोण पाजल? दोन महिन्याची हाय."

मी कोपीच्या दाराशी गेलो. "पण मुसकं कशाला?"

"पदर बांधला की पोरगी वढती. मुसकं निघत न्हाई."

"अगं, आजारी तर तूच आहेस. आता तोंड बांधून तुला काय उपयोग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गातल्या ढ पोराकडे मास्तर बघतो, तशी. "कोळपताना बैलाला मुसकं कावून बांधतेत, सायेब? बैलाला काय व्हऊ नये म्हणून? पिकाला त्याचं तोंड लागू नये म्हणून बांधतेत. माझ्या तोंडाचं माझ्यापाशी ऱ्हावं, बास."

परिपत्रकांची फाईल माझ्या टेबलावर होती. जे मला त्या फाईलीतून उमगलं नव्हतं, ते हिला कपाशीच्या सऱ्यांमध्ये कळलं होतं. आणि मी कुठे उभा होतो? त्या लेकरापासून दोन हातांवर, मास्क हनुवटीवर ठेवून. मी तो वर घेतला आणि चार पावलं मागे सरलो. इतकी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, मायलेकींना तोडू नका. तोंड झाकून, हात धुऊन खुशाल पाजू द्या. शाळेत त्या दोघींना वेगळी खोली मिळाली. आम्ही नवा मास्क दिला, तर तिने आधी त्याचे बंद ओढून पाहिले. पुढे तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. ती बरी होऊन परत गेली आणि लेकराला साधी शिंकही आली नाही. म्हातारीचा कबुलीजबाब मी रद्द केला आणि डायरीत लिहिलं: गुन्हा नाही, तोंड स्वतः बांधले.

भीती घातली की माणूस पोलीस दिसेपर्यंतच तोंड झाकतो, हे मी रोज चौकात पाहत होतो. त्या बाईच्या कोपीत पोलीस नव्हता, पावती नव्हती, कुणी बघायलाही नव्हतं. तरी तिची गाठ सुटली नव्हती.

त्या दिवशी हवालदारबाई मायलेकींसोबत शाळेवर थांबल्या, त्यामुळे परतताना जीपमध्ये चालक आणि मी दोघेच होतो. ऊन रणरणत होतं. तो म्हणाला, "काढा की सायेब मास्क. आता हितं कोण हाय?"

मी म्हणालो, "तू आहेस की."