घरी कोण कोण असतं?

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पण अण्णांच्या शेवटच्या काळात, देव त्यांना विसरला असावा असं मात्र मला वाटू लागलं होतं. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे, हे सायकलवरून उतरण्याआधीच माझ्या वडिलांना ठाऊक असायचं. त्याच अण्णांना आता स्वतःची लेक ओळखू येत नव्हती. आई गेल्यावर मी त्यांना गावाहून मालाडला आमच्या घरी आणलं. रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या जोतिबासमोर हात जोडताना माझ्या मनात एकच तक्रार असे. यांनी ‘चांगभलं’ म्हटल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही, आणि तू यांचं हे काय करून ठेवलंस?

अण्णा शेतकरी होते आणि विमा एजंटही. पहाटे उसाला पाणी पाजायचं, भाकरी खायची आणि काळी रेक्झिनची बॅग हँडलला अडकवून वाड्यावस्त्यांवर निघायचं, असा त्यांचा दिवस. आमच्याकडे विम्याचं नाव काढणं म्हणजे मरणाचं नाव काढणं. ते दिसले की पारावरची माणसं ओरडायची, “आला बघा यमाचा तलाठी! पळा रे!” अण्णा सायकल टेकवत हसायचे. “यमाकडं माझं काय काम? मागं राहतील त्यांचा माणूस मी.” कुणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात डोकवायचे. जनावराच्या पाठीवर हात फिरवून मग ओट्यावर टेकायचे आणि विचारायचे, “घरी कोण कोण असतं?” त्यानंतर कितीतरी वेळ विम्याचा शब्द निघायचा नाही. एखादी गाय-म्हैस विताना अडली असेल, तर बॅग खुंटीला जायची, बाह्या वर जायच्या आणि विमा त्या दिवसापुरता राहून जायचा. त्या बॅगेवर आणि त्या उसावर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. त्या दिवशी तेच पारावरचे लोक अण्णांच्या हातचा पेढा खाऊन म्हणाले होते, “तलाठ्याची पोरगी साहेब झाली की रं!”

मालाडला आल्यावरही ती बॅग त्यांच्या उशाशीच असायची. गेल्या हिवाळ्यातल्या एका सकाळी मी ऑफिसची तयारी करत होते. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर दार उघडं, खुर्ची रिकामी आणि बॅग नाही. माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवत असे. तो सदरा पलंगावर पडला होता, अण्णा दुसराच घालून गेले होते. देव्हाऱ्यासमोर उभी राहून मी एवढंच म्हटलं, “जोतिबा, कुणाला तरी पाठव.”

मग शोधाशोध सुरू झाली. आमचे हे स्टेशनकडे आणि पोलीस चौकीत गेले. गावाला निघाले असतील या आशेनं मी एसटीचा थांबा पाहिला, देवळं पाहिली, बागा पाहिल्या. शेजारच्या मालवणी काकू माझ्याबरोबर चालत होत्या. “गो बाय, रडां नको. देव आसा मां!” असं त्या दर वळणावर म्हणायच्या, आणि मला त्या शब्दांचाही राग यायचा. दुपार कलली तशी आम्ही आरे कॉलनीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना झाडी. अंधार पडल्यावर तिकडे बिबट्या फिरतो हे इथल्या पोरांनाही माहीत आहे. त्या झाडीकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं.

रस्त्याकडेला झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता. शेजारी एक आदिवासी मावशी भाजीची टोपली घेऊन बसल्या होत्या. मी त्या दगडासमोर बसले ती उठलेच नाही. त्या वेळी मी काही मागितलं नाही, तक्रारही केली नाही. मनात एवढंच आलं, की आता माझ्या हातात काही उरलं नाही. ते तुझे आहेत, तूच बघ.

तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल टोपलीपाशी थांबली.

“मावशी, आज तबेल्यात देव आला होता. आईशपथ!”

“भरदुपारीच पिऊन आलास काय रे?”

“अरे ऐक ना यार! म्हैस मरायला टेकलेली. एक बाबा आला, कुठून आला कुणाला पत्ता नाही, आणि म्हैस सोडवली. आता बसलाय चहा पीत.”

“देव चहा पितो होय?”

“पितो ना! साखर कमी म्हणून परत पण दिला.”

मी ताडकन उठले. चहात साखर कमी म्हणून कप परत करणारा देव मला माहीत होता.

तो दूधवाला पुढे, आम्ही रिक्षानं मागे. तबेल्याच्या दारातच शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास आला आणि मला आमचा गोठा आठवला. दिवसभर मी देवळं शोधली, अण्णा मात्र आपल्या नेहमीच्या वाटेनं गोठ्यात गेले होते. पोत्यावर बसलेले, बाह्या वर, सदऱ्यावर डाग, आणि समोर म्हैस आपल्या रेडकाला चाटत होती.

तबेला सांभाळणारे रामआसरे चाचा मला पाहून हात जोडून उभे राहिले. “बेटी, हे तुझे पिताजी? पहाटेपासून म्हैस अडलेली. डॉक्टर दुसरीकडे गेला होता. मी शंकरजीला बोललो, आता तूच कुणाला तरी पाठव. वळून बघतो तर हे दारात उभे! डोक्यावर टोपी, हातात काळी बॅग. मी बोललो, आला डॉक्टर!”

“मग?”

“मग काय! बॅग माझ्या हातात दिली. साबण मागितला, तेल मागितलं. पिल्लाचा पाय आत दुमडला होता, तो हातानं सरळ केला. मला बोलले, ओढ, पण ती कळ देईल तेव्हाच ओढ. नंतर इंजेक्शन काढायला मी बॅग उघडली, तर आत एक टॉवेल आणि केळी! नाव विचारलं तर सांगत नाहीत. उलट मलाच विचारतात, घरी कोण कोण असतं?”

काकू हसता हसता रडू लागल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला. ‘कुणाला तरी पाठव.’ त्याच सकाळी दोन दारांत दोन माणसांनी तेच शब्द उच्चारले होते. अण्णांसाठी कुणाला तरी पाठव, म्हणून मी रडत होते, आणि देवानं अण्णांनाच पाठवून दिलं होतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. होतं ते फक्त जुनं अगत्य.

“या बाई, बसा. घरी कोण कोण असतं?”

“मी आहे. आमचे हे आहेत. आणि माझे वडील आहेत.”

“वडील आहेत ना?” त्यांनी मान हलवली. “मग काळजी नाही.”

दुसऱ्या दिवशी चाचा बरणीत चीक घेऊन आले. मी खरवस केला, जोतिबाला नैवेद्य दाखवला आणि अण्णांच्या हातात वाटी दिली. पहिला घास खाऊन ते खूश झाले. “झकास झालाय. कुणाची म्हैस व्याली गं?”

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी मात्र वाटीकडे बघत राहिले. ज्यांच्यासाठी मी देवाशी भांडत होते, त्यांनी देवाचं काम करून ते विसरूनही टाकलं होतं. त्यांच्याजवळ नाव उरलं नव्हतं, गाव उरलं नव्हतं. हात उरले होते, आणि तेवढे देवाला पुरले.

पावसाळ्याआधी अण्णा गेले, झोपेतच, शांतपणे. ती बॅग आता देव्हाऱ्याशेजारी खुंटीला आहे. कुणाला कुठे पाठवायचं, हे मी जोतिबाला सांगत नाही. दाराबाहेर पडताना चांगभलं म्हणते, आणि आज मला कुणाच्या दारात उभं करायचं ते त्याच्यावर सोडून देते. घरी वडील आहेत. मग काळजी नाही.