कुझ्नेत्सोव म्हणजे लोहार

आमच्या डोंबिवलीच्या चाळीतले एक फिटर माझ्याच जातीचे. वाचनालयातली रशियाची मराठी मासिकं ते गुडघ्यावर थापा मारत मोठ्याने वाचतात. चारचौघांतल्या लाजेपायी मी 'लोहार' हे आडनाव टाकून दारावर 'कल्याणकर' अशी पाटी लावली, तेव्हा ते म्हणाले, "अहो, रशियात कुझ्नेत्सोव आडनाव आहे ना, त्याचा अर्थ लोहाराचा पोर. त्यातला एक आरमाराचा प्रमुख झाला, एक नावाजलेला चित्रकार. पाटी नाही बदलली कुणी!"

तेव्हापासून ते दाराशी येऊन चाळभर ऐकू जाईल असं विचारतात, "लोहार आहेत का?" ओ देण्याऐवजी मी रेडिओ मोठा करतो.

काल माझ्या मुलीने त्यांना सांगितलं, "काका, इथे लोहार कुणी राहत नाही."

मी आतून ओ दिली.