भिकनभाऊंचा टेम्पो आणि तात्यांचं पाणी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. गाडीत मावतील त्यापेक्षा चार माणसं जास्त बसवावीत, गाडी चांगली म्हातारी असावी आणि निघताना कोणीतरी "काही होत नाही हो" म्हणावं. एवढ्या भांडवलावर ते आपोआप साचतात. आमच्याकडे सुरतेच्या सात-आठ वर्षांत इतके साचले, की कुठला किस्सा कुठल्या सहलीचा यावर घरात अजून भांडणं होतात.

परवा अमेरिकेतल्या भाच्याने फोटो पाठवले. तिकडे व्हर्जिनिया, मेरीलँडच्या बाजूला तो आर.व्ही. घेऊन फिरतो. आत पलंग, गॅस, बेसिन. "मावशी, घरच चाकांवर!" म्हणून त्याला कोण कौतुक. मी म्हटलं, बाळा, आम्ही हे नव्वदच्या दशकात सुरतेला करून बसलोय. फरक एवढाच, की आमच्या घराला दर सोमवारी कापडाचे ताके वाहायला कामावर जावं लागायचं.

आमच्या ह्यांची बँकेतून सुरतेला बदली झाली आणि मी उधन्याच्या मराठी शाळेत शिकवायला लागले. शेजारी भिकनभाऊ आणि त्यांची बायको पुष्पा. दोघं खानदेशातले, शिरपूरकडचे. लूमवरचं कापड भेस्तानच्या प्रोसेस हाऊसला, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये पोचवायचं, हा भाऊंचा धंदा. एका शेठचा जुना बंद बॉडीचा टेम्पो त्यांनी विकत घेतला आणि रविवारपुरतं त्याचं घर केलं. दोन्ही बाजूंना उघडमिट करता येणाऱ्या फळ्या, कोपऱ्यात स्टोव्ह, नळ बसवलेलं पाण्याचं पिंप, पुढे देवाची तसबीर. पत्रा कापून दोन खिडक्या काढल्या आणि त्यांना साड्यांच्या कटपीसचे पडदे लावले. एका खिडकीत मोर, दुसरीत गुलाब.

त्याला टेम्पो म्हटलेलं भाऊंना खपायचं नाही. "साहेब, ही आपली खोली आहे," असं ते आमच्या ह्यांना बजावून सांगायचे.

* * *

खोली म्हटली की खोलीचे नियम आले. भाऊंचा पहिला नियम, चपला बाहेर काढायच्या.

पहिली सहल डुमसच्या समुद्रावर. आम्ही दोघं, आमच्या दोन मुली, भाऊ, पुष्पा आणि गल्लीतली आणखी तिघं. सगळ्यांनी शिस्तीत चपला काढल्या, पाय झटकले, आत चढलो. गप्पा, गाण्याच्या भेंड्या, चहा. डुमसला पोचलो, भाऊंनी मागचं दार उघडलं आणि खाली बघतच राहिले.

नऊ जोड उधन्याला, आमच्या गल्लीत, ओळीने लावलेले!

मे महिन्यातली दुपार आणि डुमसची ती काळी वाळू. समुद्र समोर दिसत होता, पण जायची कोणाची छाती होईना. शेवटी खोलीतली सतरंजी अंथरायची, तिच्यावर सगळ्यांनी उभं राहायचं, मग दुसरी पुढे टाकायची, असं करत आम्ही पाण्यापर्यंत गेलो. भजी तळणारा एक काका झारा हातात धरून बघत राहिला. संध्याकाळी घरी आलो तर समोरचे जयंतीकाका दिवसभर आमच्या चपलांशेजारी खुर्ची टाकून बसलेले. त्यांना वाटलं, आत कोणाकडे तरी पूजा चालू आहे.

* * *

गाडी भाऊ चालवायचे हे खरं, पण तिला रस्ते भाऊंपेक्षा जास्त पाठ होते. एकदा वलसाडजवळ तिथलच्या समुद्रावर निघालो. भल्या सकाळी, मागे आम्ही बायका मटार सोलत बसलेलो. थोड्या वेळाने गाडी वळली, मग रिव्हर्स आली आणि थांबली. मला वाटलं, चहाला थांबले असतील.

मागचं दार धाडकन उघडलं. बाहेर दोन हमाल, ताके उतरवायला हात पुढे केलेले. आत मी, पुष्पा, माझ्या मुली आणि मांडीवर मटारांच्या परड्या. भाऊ गप्पांच्या नादात थेट भेस्तानच्या प्रोसेस हाऊसमध्ये शिरले होते आणि सवयीने गाडी बरोबर धक्क्याला लावली होती.

त्यातला थोरला हमाल आत वळून ओरडला, "सेठ, इसमें माल नहीं, गृहस्थी है!"

भाऊ महिनाभर त्या मिलमध्ये मान वर करून गेले नाहीत.

* * *

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे पुष्पाचे वडील. दर वर्षी आखाजीच्या आधी लेकीला माहेरी न्यायला यायचे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींचा सण. धोतर, टोपी आणि हातात पाण्याने भरलेला पत्र्याचा डबा. तो डबा ते गावाहून भरून आणायचे.

कारण लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. पुष्पाच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. बारा वर्षं तात्या लेकीच्या ओट्यावर बसून स्वतःच्या डब्यातलं पाणी पीत होते, आणि आम्ही शेजारी आल्यापासून जेवायला आमच्याकडे येत होते.

आमच्याकडे म्हणजे नावाला आमच्याकडे. पुष्पा सकाळीच मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात यायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, शेवभाजी, ठेचा, सगळं तिच्या हातचं. वाढायची मी. मी सांगलीची, कळण्याचं पीठ मला नीट मळतासुद्धा येत नाही. तात्या पहिला घास घ्यायचे, थोडा वेळ ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, बाईंच्या हाताला चव आहे. पण 'आखो', म्हणजे आणखी, असं कधी मागायचे नाहीत. मी मान खाली घालून आमटी वाढायची. त्यांना कळत नसेल? कोणाला फसवत होतो आम्ही, देव जाणे. दाराआड पुष्पा उभी असायची.

एकदाच ती माझ्यापाशी बोलली. "बाई, मूल नाही ते सोसलं. पण बाप माझ्या दारात तहानलेला बसतो, ते नाही सोसवत." मी तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि मळायला लागले, ते चिकटच झालं.

* * *

असो. सापुताऱ्याची गंमत ऐका. टेम्पो मालवाहू, त्यात माणसं बसवायची नाहीत हा कायदा. वघईच्या अलीकडे नाक्यावर हवालदाराने हात केला. आमचे हे कायद्याला घाबरणारे, त्यांनी तिथेच घाम पुसायला सुरुवात केली. भाऊंनी शांतपणे मागचं दार उघडून दाखवलं. स्टोव्ह, भांडी, वळकट्या, पिंप, देवाची तसबीर.

"घर बदलतोय, साहेब," भाऊ म्हणाले.

हवालदार भला माणूस. वर कुठे खोल्या भाड्याने मिळतात, शाळा कुठे, दूध कोणाकडचं चांगलं, सगळं त्याने समजावून सांगितलं. तसबिरीला हात जोडले आणि गाडी सोडली. आम्ही सापुताऱ्याचं तळं बघितलं, भुट्टे खाल्ले आणि संध्याकाळी उतरलो. नाक्यावर हवालदार तोच! त्याने वाकून आत बघितलं. स्टोव्ह तोच, भांडी तीच, तसबीरही तीच.

"केम भाई, घर बदलीने पाछा?"

भाऊंनी खोल उसासा सोडला. "काय सांगू साहेब. बायकोला तिथलं पाणी मानवेना."

हवालदाराने पुष्पाकडे असं काही बघितलं, की ती पिकल्या टोमॅटोसारखी लाल झाली. घरी येईपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

* * *

आणि एक आमच्या झोपेचा. उधन्यात भिंतीपलीकडे लूम. खटखट, खटखट, चोवीस तास. पहिलं वर्ष मी रडकुंडीला आले होते, नंतर ऐकूच येईना. उकाईच्या धरणावर गेलो तेव्हा जेवण करून सगळे दुपारी झाडाखाली आडवे झालो. वारा गार, पोटं भरलेली. आणि कोणालाही झोप येईना. एवढी शांतता आमच्यातल्या कोणाला सोसत नव्हती. तासभर नुसते कुशी बदलत पडलो.

भाऊ उठले, गाडीत गेले, इंजिन चालू करून आले. दोन मिनिटांत सगळे घोरायला लागले.

पुढे आम्ही पुण्याला आलो. घराभोवती झाडं आहेत, सगळे म्हणतात किती निवांत आहे. निवांत आहे खरं. पण सरळ सांगते, मला उधन्याची त्या आवाजासकट आठवण येते, आणि पुष्पाची तर फार येते.

* * *

आता शेवटचा. एका आखाजीला पुष्पाने हट्ट धरला, की तात्यांना एस.टी.ने नाही, आपल्या गाडीने गावी न्यायचं. बाईंनी आणि साहेबांनीही यायचं. मला कळलं ती का म्हणतेय. दिवसभराचा प्रवास, मेचं ऊन, गाडीत पिंपभर पाणी. घरात नाही, निदान गाडीत तरी तिच्या हातचं पाणी ते घेतील, एवढीच तिची आशा.

तात्या आले. डबा होताच. दारात चपला काढून हातात घेतल्या, कारण डुमसनंतर तसाच नियम झाला होता. आत चढले, फळीवर टेकले आणि सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, झकास केलंय. एवढ्यावर भाऊंनी गप्प बसावं की नाही! पण सासऱ्याने कौतुक केलं, मग काय.

"तात्या, याला गाडी समजू नका. हे आमचं घरच आहे. तुमच्या लेकीचं घर."

पुष्पाने तांब्या भरायला घेतला होता. तो तिने तसाच खाली ठेवला. तात्यांनी डबा दोन्ही पायांच्या मध्ये ओढून घेतला. बारडोली गेलं, व्यारा गेलं. तात्या दर अर्ध्या तासाने डब्याचं झाकण उघडायचे, एक घोट घ्यायचे, झाकण लावायचे. पुष्पा मोराच्या पडद्याआडून बाहेर बघत होती. मी मनातल्या मनात भाऊंना काय काय म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोनगडच्या पुढे चढाला इंजिन तापलं. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. भक्कन वाफ आली. थोडं निवल्यावर त्यांनी ओरडून रेडिएटरसाठी पाणी मागितलं. आमचे हे बादली घेऊन पिंपाकडे वळले.

तेवढ्यात तात्या उठले. डबा उचलला, दार उघडून पायात चपला सरकवल्या, खाली उतरले आणि सगळंच्या सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. शेवटचा थेंबही झटकला. पिंप गळ्यापर्यंत भरलेलं होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

भाऊ म्हणाले, अहो तात्या, हे काय केलंत, आता तुम्ही काय पिणार? तात्यांनी रिकामा डबा बंपरवर ठेवला आणि मागच्या दाराशी येऊन रस्त्यावरच उभे राहिले. ऊन डोक्यावर होतं.

"दे वं माय, पानी दे."

पुष्पा दारात तांब्या घेऊन उभी राहिली. लबाडी तिला जमेना. "तात्या, हाई मन्हा घरनं पानी शे."

"तुन्हं घर वर शे. मी वाटवर उभा शे," तात्या म्हणाले. "वाटवर कोनी बी पानी दिधं ते पी लेवानं राहस."

त्यांनी वाकून ओंजळ पुढे केली. पुष्पा ओतत गेली. तांब्या संपला तरी त्यांनी ओंजळ काढली नाही, मानही वर केली नाही.

"आखो दे," तात्या म्हणाले.