समोरून तार दिसते का?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पितळेचा हात चालवून पाहणं. हात नाटकातला. खांद्यापासून बोटांपर्यंत, आतून पोकळ. संध्याकाळी तो आम्ही पडवीतल्या खुर्चीला बांधला. त्याच्यातून निघालेली सायकलच्या ब्रेकची तार दाराच्या फटीतून आत घेतली आणि मी दाराआड ब्रेकची मूठ धरून बसलो. मी मूठ दाबायची, की तिकडे पितळेची बोटं मिटणार. पंचफुला, माझी बायको, हिरोईन झाली होती. पांढऱ्या केसांची हिरोईन. तिनं आपलं मनगट त्या हातात दिलं आणि ओरडली, "सोड मले, साहेबा!" मी दाबलं. लगेच पडवीतून तिचा नेहमीचा आवाज, "अवो, हळू ना जी! तुमी ब्रेक लावून राह्यले. हात धराचा हाय, सायकल नाई थांबवाची!" मी म्हटलं, "सारी जिंदगी ब्रेकच कसले, दुसरं का येते मले?" पुन्हा दाबलं. मग पुन्हा. शेवटी एकदा ती म्हणाली, "हां... आता जमलं." तिचं मनगट त्या हातात आणि ब्रेक माझ्या हातात. मधे दार.

मग तिनं भाजी टाकली, जेवणं झाली, आणि झोपायच्या आधी एका वाटीत चिंच भिजत घातली. सकाळी हात घासून चकचकीत करायचा होता. सकाळी ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं. भेटायला येणारे म्हणाले, त्रास नाही झाला, चांगलं मरण आलं. चांगलं कोणाला, ते मला समजलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांवर पेपरची पुरवणी निघून राहिली, तिच्यात नटांबद्दल, लेखकांबद्दल येईल. देवराव म्हणाला, पडद्यामागच्या बाईबद्दल तुम्हीच लिहा, भाऊ. देवराव म्हणजे वडशाच्या नाटक कंपनीचा मालक, आणि हा हात ज्या नाटकातला, त्यातला साहेबही तोच. मी चौथी शिकलेला माणूस, आरमोरीच्या बाजूला बाजाराच्या गावात सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करत म्हातारा झालो. लिहिता येत नाही. पण दुसऱ्या कोणी लिहिलं तर ते तिला "माउली" म्हणतील, आणि ती माउली बिलकूल नव्हती. ती भांडखोर होती, हट्टी होती, आणि तिच्या हातात पक्कड असली की तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

तिचं माहेर नागभीडकडचं, छोट्या रेल्वेलाईनीला लागून. तेव्हा तिथं वाफेचं इंजिन चालायचं. लहानपणी ती शेण गोळा करायच्या निमित्तानं लाईनीवर जायची आणि इंजिन पाणी घ्यायला थांबलं की त्याच्यासमोर उभी राहायची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा दुकानात स्टोव्हचा पंप पाहून म्हणाली, "हे त् इंजिनासारखंच हाय जी, लहान." मला हसू आलं. पण हळूहळू ती दुकानात बसू लागली. वायसर बदलणं, बर्नर साफ करणं, सगळं शिकली. नव्वदच्या पुढे गावात गॅस आला आणि लोकांचे पितळेचे स्टोव्ह भंगारात निघाले. मी म्हणत होतो, वितळवायला देऊन टाकू. तिनं एकही जाऊ दिला नाही. पलंगाखाली, ओट्याखाली, धान्याच्या कोठीत सुद्धा स्टोव्ह. "काऊन ठेवून राह्यली?" विचारलं तर म्हणायची, "लागते."

ते कशाला लागतं, हे देवराव आला तेव्हा कळलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक पाहिजेच. देवरावनं नवं नाटक बसवलं होतं. जंगल तोडून रेल्वेची लाईन टाकणारा एक गोरा साहेब. इंजिन फुटून त्याचा एक हात तुटलेला, म्हणून त्यानं यंत्राचा हात लावून घेतलेला. असा तो राक्षस. देवराव माझ्याकडे सायकल घेऊन आला होता, आणि बोलता बोलता सांगत होता की हात पुठ्ठ्याचा करून वर चांदीचा कागद लावतो. पंचफुला आतून बाहेर आली. "चांदीचा कागद? इंजिन का मिठाईचा डब्बा हाय का, भाऊ?" देवराव म्हणाला, "मंग तुमी करून दाखवा, वयनी." एवढंच बोलायचं होतं त्यानं.

तिनं दोन स्टोव्हच्या टाक्या कापून दंड केला. पंपाची नळी कोपराच्या खाली. मनगटावर बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची चाकं, उघडी, फिरती. बोटं सायकलच्या चेनची, वरून पितळेच्या पत्र्याची टोपणं, आणि तळव्याला आतून जुन्या वाकळेचं कापड, हिरोईनचं मनगट सोलू नये म्हणून. खांद्यावर कुकरची शिट्टी. तिला खालून रबरी नळी लावली होती. साहेबाच्या उंच खुर्चीमागे पंचफुला निखाऱ्यांचं घमेलं घेऊन बसायची, निखाऱ्यांवर राळ टाकायची आणि चुलीच्या फुंकणीनं धूर नळीत फुंकायची. साहेबाला राग आला की खांद्यातून धूर निघायचा. त्याच्या बाहीतून ब्रेकची तार खुर्चीमागे यायची, आणि तिथं तिच्या मुठीत सायकलचा ब्रेक. तिनं दाबलं की साहेबाची मूठ मिटायची. लोकांना वाटायचं यंत्र आहे. पोरं रडायची. पण तो हात तिचाच होता.

पहिल्या नाटकापासून तिचा एकच प्रश्न. नाटक संपलं, की डोळे धुरानं लाल, पदराला राख, आणि जो समोर दिसेल त्याला विचारायची, "समोरून तार दिसते का?" तार खुर्चीच्या दांड्यावरून वळून मागे जायची, तिथं वीतभर उघडी राहायची. देवराव म्हणायचा, "नाई वयनी, कोनाचं लक्ष जाते तिकडे." तिला ते उत्तर चालायचं नाही. म्हणायची, लक्ष जाते का विचारलं नाही, दिसते का विचारलं. मला विचारायची, तर मी म्हणायचो, "मले का माहीत वो? मी तुह्याच बाजूले बसतो." खरंच होतं. मी विंगेत पडद्याच्या दोरीवर असायचो. त्या हाताची पाठ मला पाठ होती. समोरून कसा दिसतो ते आमच्या दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

एक मोसम मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. आधीच्या साली होळीला नाटकं संपली तेव्हा पंचफुलानं हात पुसून, चेन आणि तारेला तेल लावून ठेवला. मशीनचं तेल संपलं होतं. तिनं स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल घेतलं. "भाजीले चालते, मंग हाताले काऊन नाई चालनार?" जवसाचं तेल पडून राहिलं की चिकट होतं, डिंकासारखं धरून बसतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण स्वयंपाकघरातली गोष्ट दुकानात कोणाला आठवते? दिवाळीनंतर उन्हात चालवून पाहिला, छान चालला. पहिली मंडई पार जंगलातल्या गावी. रात्रीची थंडी, लोक घोंगड्या पांघरून बसलेले. साहेबानं हिरोईनचं मनगट धरलं. मूठ मिटली. आणि उघडेचना.

हिरोईन तोंड न हलवता म्हणाली, "सोडा ना जी, दुखून राह्यलं." देवराव खालच्या आवाजात, "वयनी, सोडा..." खुर्चीमागून, "सोडलंच हाय मी, तुमचा हातच सोडून नाई राह्यला." देवराव खुर्चीतूनच गरजला, "मी तुला सोडणार नाही!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. थोड्या वेळानं तेच पुन्हा गरजला. तिसऱ्यांदा गरजला तेव्हा प्रेक्षकांतून एक म्हातारा ओरडला, "अरे, पोरगी पहाटेपर्यंत अशीच उभी राहीन का बे?" मी विंगेतून पाहतो, तर पंचफुला डोक्यावर पदर घेऊन निखाऱ्यांचं घमेलं हातात धरून खुर्चीमागून चालत बाहेर आली. उजेडात. साहेबाच्या पायाशी बसली, घमेलं त्या मुठीखाली धरलं. लोकांना वाटलं, ही साहेबाची दासी, आगीची शपथ घालून राहिली. तेल मऊ झालं, बोटं एक एक करून सुटली. हिरोईन पळाली. आणि अशा टाळ्या मी आजपर्यंत ऐकल्या नाहीत.

देवराव म्हणाला, "वयनी, हा सीन रोजचा ठेवू." ती म्हणाली, "मेला तुमचा सीन. मले त्या उजेडात नाई याचं. मले एक खेप समोर बसून पाहाचं हाय, बस." आणि मग पुटपुटली, "तिथूनही तार पाहाची राहून गेली. घमेल्याकडेच पाहत होती मी."

समोर बसून पाहायचं. एवढीच एक गोष्ट तिनं मागितली. आणि तीच होईना. एकदा कंपनीतल्या एकाला ब्रेक दिला आणि तिला सतरंजीवर बसवलं, तर त्यानं हिरोईन यायच्या आधीच मूठ मिटवली, पंचफुला तशीच उठून मागे पळाली. एका साली राळ संपली म्हणून, एका साली देवरावला ताप म्हणून. मग ते नाटक काही वर्षं बंदच पडलं, हात आमच्या खुंटीला टांगलेला. यंदा देवराव पुन्हा आला. आमच्याच गावच्या मंडईत ते नाटक लावायचं ठरलं. तेव्हा मीच म्हटलं, यंदा ब्रेक मी दाबतो, तू समोर बस. ती म्हणाली, "तुमाले जमन?" रोज संध्याकाळी मला शिकवायला लागली. शिव्या दिल्या, हसली, फुंकणीनं टोचलं. समोर कुठं बसायचं तेही तिनं ठरवलं होतं, मंडपाच्या खांबाच्या डाव्या बाजूला, जिथून खुर्चीचा दांडा नीट दिसतो. नवी चटई घेतली. ती चटई अजून गुंडाळलेलीच आहे.

हे आधी काऊन नाही केलं... असं आता रात्रंदिवस वाटते. ब्रेक दाबायला काय लागत होतं? थोडं हळू दाबायचं, एवढंच. पण तिच्यासारखं कोणाला जमत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनंही. आणि मलाही ते बरंच वाटायचं. मी विंगेत, ती खुर्चीमागे, मधे दोन हातांचं अंतर. नाटक चालू असलं तरी डोळ्यांनी बोलता यायचं. ती समोर गेली असती तर मी तिथं एकटाच बसलो असतो. आता बसलोच आहे.

तिला नदीवर नेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. चिंचेची वाटी तशीच होती, चिंच फुगून मऊ झालेली. मी हात अंगणात आणला आणि घासायला बसलो. माझी पोरगी मंदा धावत आली. "बाबा, काय करून राह्यले? लोक पाहून राह्यले ना." मी म्हटलं, "पाहू दे. चिंच खराब होते." मग तिनंच तांब्या आणून वरून पाणी घातलं. घड्याळाची चाकं, टोपणं, शिट्टी, सगळं घासलं. तेवढ्यात देवराव आला. फाटकातच थांबला. म्हणाला, "भाऊ, यंदा राहू द्या. नाटक करतो, पन हात पुठ्ठ्याचा करतो मी. तुमी नका येऊ." मी म्हटलं, "चांदीचा कागद लावशीन?" त्यानं घासलेल्या हाताकडे पाहिलं. मी म्हटलं, "हात येईन. मीही येईन."

तो गेल्यावर मी पडवीतली खुर्ची अंगणात ठेवली, हात तिला तसाच बांधला, जसा मंडपात साहेबाच्या खुर्चीवर दिसतो. तार दांड्यावरून वळवून मागे नेली. मग फाटक उघडून रस्ता ओलांडला आणि पलीकडे, बोरीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तो हात मी समोरून पाहिला. काय दिसत होता... नागभीडला पाणी घ्यायला थांबलेल्या इंजिनासारखा, असंच वाटलं मला. आणि दांड्यावर, वीतभर, तार चमकत होती. स्पष्ट.

मी परत आलो. तव्याच्या बुडाची काजळी बोटांवर घेतली, खोबरेल तेलात मळली, आणि तारेला वळणापासून मागेपर्यंत लावली. पुन्हा रस्ता ओलांडला. डाव्या बाजूला सरकून, ती बसणार होती तिथून पाहावं तसं, नीट पाहिलं. मग घरात गेलो. तिच्या खाटेवर आता वाकळही नव्हती. तिथं उभा राहून सांगितलं, "पाहून आलो वो. समोरून नाई दिसत."