पाचव्या चंबूतला खिळा

मी चौथी शिकलेला माणूस. हे कागदावर मीच उतरवलंय, मुलीनं फक्त मोबाईलवर टाईप केलं. तिला बजावलंय — एक अक्षर सुधारायचं नाही. गावच्या राखणदाराला, देवचाराला, मी वर्षातून एक नारळ ठेवतो, तोही बायकोची कटकट नको म्हणून. भूतबित मला सत्तर वर्षांत भेटलेलं नाही. त्यामुळे हे लिहायची लाजच वाटते... पण झालं ते झालं.

आमचं घर तारकर्लीला, खाडीच्या बाजूला. होड्या ठोकणं आणि त्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडणं हा माझा धंदा. त्या तेलानं लाकूड कुजत नाही, पण ते वाळायला फार दिवस लागतात. मुलगी सुमन केमिस्ट्रीत संशोधन करते. हेच तेल न तापवता झटपट घट्ट व्हावं, म्हणून ती कॅटॅलिस्ट शोधत होती. कॅटॅलिस्ट म्हणजे आपण आहे तसा राहतो आणि दुसऱ्याला कामाला लावतो.

"म्हणजे मुकादम!" मी म्हटलं.

"तुमच्यासारखो," ती म्हणाली.

ताजं तेल हवं म्हणून ती मे महिन्यात घरी आली. तीन वर्षं काही जमलं नव्हतं. पुढच्या सोमवारी सरांना काहीतरी करून दाखवायचं, नाहीतर विषय बंद.

मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, तिनं पाच काचेचे चंबू मांडले. चारांत तेल आणि वेगवेगळी औषधं. पाचव्यात नुसतं तेल, तुलनेसाठी. सगळ्यांना बुचं लावली. दुपारी दोन ते चार मी मांगराच्या दारात बाकड्यावर होतो. दार एकच. मी झोपलो नव्हतो — बायको काहीही म्हणो.

चार वाजता सुमन आत गेली आणि ओरडली.

चार चंबू पातळच. पाचव्यातलं तेल मधासारखं दाट, हिरवट. आणि तळाशी तांब्याचा खिळा.

"बाबा, ह्यो खिळो तुमी घातलास?"

"माका दुसरो कामधंदो नाय?"

मी चंबू उजेडात धरला. गळा माझ्या करंगळीएवढा. खिळ्याची टोपी रुपयाएवढी. जाणार कसा आत? मग टोपीवर छिन्नीचे तीन घाव दिसले, एक तिरपा.

ती खूण माझी. खिळा लाकडात ठोकून झाल्यावरच मी ती पाडायचो. आणि तसले तांब्याचे खिळे मी एकाच होडीला मारले — धाकट्या भावाच्या, नानाच्या. नानानं एकदा चारचौघांत माझ्या तेलाला नावं ठेवली. त्या वर्षी मी त्याच्या होडीला हात लावला नाही. होडी समुद्रात बुडाली, नाना गेला, एक फळीसुद्धा मिळाली नाही. घरात सांगितलं, तेल लावलं होतं.

"कोणाचो ह्यो?" सुमननं विचारलं.

"माका काय म्हायत?"

"बाबा, तांब्यानच केलान ह्या काम. असले खिळे घरात आसत? परत करून दाखवूक व्हया. एकदाच झाला तर सर म्हणतले, थापा मारता."

"नाय आसत."

"मगे ह्यो खिळो काढूक चंबू फोडूचो लागतलो." तिनं हातोडी उचलली.

"थांब गो!"

माळ्यावरचा डबा खाली काढला. तेवीस वर्षं उघडला नव्हता. झाकण इतकं गंजलेलं, की पटाशी घालावी लागली. नानाच्या होडीला मारून उरलेले सात खिळे ठेवले होते, सातच निघाले. एकावरही खूण नाही.

"त्या वर्षी नानाच्या होडयेक मी तेल लावूक नाय," मी म्हटलं. "खोटा बोल्लंय."

सुमननं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आयेक म्हायत आसा?"

"आता म्हायत होतला."

त्या सात खिळ्यांवर तिनं रुंद तोंडाच्या बरणीत तीनदा तेल घट्ट करून पाहिलं, तिन्ही वेळा झालं. सोमवारी सरांसमोरही झालं. तिच्या वहीत सगळं आहे, पहिल्या दुपारपुरती जागा कोरी. मी विचारलं तर म्हणाली, "काय लिवू, तुमीच सांगा."

चंबू मांगरातच आहे. येईल त्याला मी दोरी देतो, म्हणतो माप. गळा करंगळीएवढा, टोपी रुपयाएवढी. शिकलेलेही दोनदा मापतात, दोरी परत देतात आणि घरी जातात. मला अजून काही कळलेलं नाही, कुणाला कळलं तर सांगा. फोडायला मात्र देणार नाही.

बायको हल्ली त्याच्यापुढे नारळ ठेवते. सोलून मी देतो.