सिंधूताईंनी घातलेले थेंब

सिंधूताई म्हणजे आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीतल्या बिनडिग्रीच्या डोळ्यांच्या डॉक्टर. अठ्ठावीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात आयाबाई होत्या आणि तेवढ्या जोरावर रिटायर झाल्यापासून आख्ख्या गल्लीच्या पापण्या उलटून बघत. कुणाचा डोळा लाल दिसला की, "इकडे ये वं," म्हणून धरून उजेडात न्यायच्या. फ्रिजच्या दारात कढीपत्त्याशेजारी थेंबांच्या अर्धवट बाटल्या. माझ्याही डोळ्यांत त्यांनी दोनदा घातलेत.

समोरच्या दीक्षाचा पग कुत्रा, लाडू. मांजरानं पंजा मारला आणि त्याचा उजवा डोळा मिटला, पाणी गळायला लागलं. कॉलेज बुडवून दीक्षा त्याला सदर भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला निघाली, तर ताईंनी दारातच अडवलं.

"काहून जाऊन राहिली वं? मी काय मेली काय?"

ताईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरले होते. तेच दिवसातून तीनदा लाडूच्या डोळ्यात घातले. दुसऱ्या दिवशी लाली उतरली, आणि ताईंनी ते गल्लीभर सांगितलं. पाचव्या दिवशी मात्र बुबुळ पांढरं पडलं. मग आम्ही तिघी रिक्षा करून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी डोळ्यात हिरवा रंग सोडून पाहिलं. दीक्षाच्या हातातल्या बाटलीवरचं नाव वाचलं.

"बुबुळावर जखम होती. तिच्यावर हे स्टेरॉइड पडलं. भरायची ती खोल गेली. या डोळ्यानं आता त्याला दिसणार नाही, डोळा तरी वाचतो का पाहू. कोणी टाकलं हे?"

ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"मीच टाकलं," दीक्षा म्हणाली.

डॉक्टर भडकले. शिकलेल्या मुलीला एवढी अक्कल नाही? कुत्रं पाळता कशाला? भरल्या दवाखान्यात पोरगी मान खाली घालून ऐकत होती. ताई भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होत्या. मला खरं ठाऊक होतं. मी लाडूला थोपटत बसले.

नवे थेंब दर दोन तासांनी घालायचे होते. लाडू दीक्षावर गुरगुरायचा, माझ्यावर तर दातच काढले. ताई दिसल्या की मात्र गुमान बसायचा आणि तोंड वर करायचा. एकदा त्याच्या डोळ्यात थेंब घालता घालता ताई रडायला लागल्या. "हा काहून भरोसा ठेवते माह्यावर?" म्हणाल्या. मी बाटलीचं झाकण लावलं.

आठव्या दिवशी पुन्हा गेलो. डोळा काढावा लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दीक्षा औषध घ्यायला बाहेर गेली तशा ताई उठून टेबलापाशी गेल्या.

"साहेब, ते थेंब पोरीनं नाही, म्या टाकले होते. ती तर इथंच येऊन राहिली होती, म्या जाऊ नाही दिलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग ती खोटं का बोलली?"

"माही इज्जत राहावी म्हणून."

"आणि तुम्ही तिला माझी बोलणी खाऊ दिली?"

"हो," ताई म्हणाल्या.

मी मागे बाकावरच होते. डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही.